जादा नोंदीचा रकाना

९ जून, सोमवार

आज पुन्हा तेच! आमचे मॅनेजर मनोहरसर सगळ्यांसमोर म्हणाले, "लताजी, अब इस मोटे रजिस्टर को रिटायर कीजिए." ती हर्षाली बाजूलाच उभी होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

नऊ वर्षं! जयपूरच्या सी-स्कीममधल्या या ऑफिसातले चोवीस सर्व्हर मी सांभाळले. पंखा, पॉवर सप्लाय, डिस्क — त्यांतला बदलता येणारा एकेक भाग माझ्या हाताखालून गेलाय. गुडघ्यांवर बसून, बॅटरीच्या उजेडात नंबर वाचलेत. कुठला भाग कधी बसवला, कुठला कुरकुर करतो, सगळं माझ्या वहीत. आणि ही तीन महिन्यांपूर्वी आलेली पोर खुर्चीतून न उठता तेच नंबर स्क्रीनवर आणते! म्हणे, भागांची माहिती मशीनमधल्या एका छोट्या चिपमध्ये असते, ती दुरून वाचता येते. बदलताही येते.

एक तारखेला सर्व्हर रूमचा इन्चार्ज ठरणार. जागा एकच.

१० जून

रणजीत म्हणतात, "अगं, शिकून घे की तिच्याकडून." रेल्वेत राहून यांना काय कळणार! भुसावळहून यांची बदली झाली म्हणून मी इथे आले, आणि शून्यापासून नोकरी उभी केली. आता शिकू, त्या पोरीकडून?

भरीत खारट झालं. गुपचूप खाल्लं त्यांनी.

१३ जून

"ताई, मतलब... तुमची वही मला दोन दिवस भेटेल का?" वडील मिलिटरीत, ही वाढली जयपूरलाच, म्हणून मराठी अशी चाचपडत बोलते. सगळ्यांना गोड वाटतं ते. मला नाही.

दिली वही. नाही म्हटलं असतं तर कोत्या मनाची ठरले असते. आहेच मी कोत्या मनाची, पण ते ऑफिसात कशाला कळायला हवं?

१६ जून

वही परत आली. सोबत प्याज कचोरी. पानोपानी खुणेचे कागद — सगळं उतरवून घेतलं भवानीने!

कचोरी चांगली होती. त्याचाच जास्त राग आला.

२० जून

तिने मला लॉगिन दिलं, शेजारी बसून शिकवलं. "बघा ताई, सोपं आहे." माझ्या लेकीच्या वयाची!

स्क्रीनवरच्या सर्व्हरच्या यादीत तिने एक नवा रकाना काढलाय — जादा नोंद. दोन दिवस खपून चोवीसही मशीनवर भरलाय, आणि नोंद उघडल्याशिवाय वर दिसतं ते फक्त "लिहिणारी: हर्षाली". चोवीस वेळा! माझ्या वहीवरून उचललं आणि नाव स्वतःचं. ई-रिक्षात बनी पार्कातलं घर येईपर्यंत जीव नुसता जळत होता. मंगळवारी दिल्लीहून मोठे साहेब येणार, त्यांना हीच यादी दाखवणार म्हणे.

२१ जून, शनिवार

केलं.

ऑफिसात मी एकटीच. चोवीस खुणा केल्या, जादा नोंद पुसली. आत काय लिहिलंय ते उघडूनसुद्धा पाहिलं नाही. काय पाहायचं, तिचे दिवे? मिनिटसुद्धा लागलं नाही. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

२४ जून

अकराला मीटिंग. मनोहरसरांनी ऐटीत यादी उघडायला लावली, आणि रकाना कोरा! चोवीसही! सरांचा चेहरा पडला. "यह किसने किया?"

मी वहीत डोकं घातलं. हर्षालीने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, मिनिटभर काहीतरी वाचत राहिली. मग म्हणाली, "सर, गलती मेरी है. मुझसे ही डिलीट हो गया."

वेडी की काय! स्वतःच्या हातून झालं असंच वाटलं असेल तिला. सर तडकले — दुरून असे हात घसरणार असतील तर उद्या चालू मशीनचं काय कराल? दिल्लीच्या साहेबांसमोर! ती मान खाली घालून ऐकत होती.

तरी चहाला सगळे तिच्याचभोवती. "कोई बात नहीं, हर्षाली." माझी चूक झाली असती तर कोणी आलं असतं?

२६ जून

ती आज एकटीच जेवत होती. "ताई, या ना," म्हणाली. काम आहे म्हणाले. काम नव्हतं.

१ जुलै

झाले! इन्चार्ज — मी! रणजीतनी पेढे आणले. ऑफिसात पहिली टाळी हर्षालीने वाजवली. कसं जमतं हिला?

२ जुलै

इन्चार्जचा पासवर्ड मिळाला; इतके दिवस तो हर्षालीकडेच होता. त्याने बदलांचा इतिहास उघडतो. आधी काय होतं, कोणी बदललं, कधी.

सात नंबरचं मशीन, पुसण्याआधीची जादा नोंद, इंग्रजी अक्षरांतलं तिचं मोडकं मराठी: "लताताईची वही, पान ४१. हात लावायच्या आधी ताईला विचारा." चोवीसही उघडले. चोवीसही ठिकाणी माझं नाव.

खाली: २१ जून — पुसलं — लता.

त्याखाली: २४ जून, ११:२० — इतिहास पाहिला — हर्षाली.

ते मिनिटभर ती हे वाचत होती.