पहिलं कोण जाणार

३ मार्च
मिळाली! टेकडीपलीकडची जमीन चर्चला नव्या दफनभूमीसाठी मिळाली. किती अर्ज, किती खेटे! आता जुन्या आवारात कुदळ मारली की कुणाचं तरी हाड लागतं, ते थांबेल.

बाबांना सांगितलं. "बरं झालं. जेवून घे," म्हणाले. बस.

१९ मार्च
दोन माणसं गेली. दोन्ही घरांनी जुन्या आवारातच दाटीवाटीने जागा करून घेतली. बेकरीवाली दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाली, "पदवीधर बाई, आधी तुमच्या घरचं कुणी पाठवा. मग आम्ही बघू." सगळे हसले. मीही हसले. पाव न घेताच बाहेर पडले.

फादर म्हणतात, वर्षअखेरपर्यंत तिथे कुणाचंच दफन झालं नाही तर सरकार जमीन परत घेईल.

२ एप्रिल
नव्या जमिनीवर एकटीच डबा खाल्ला. कुंपण झालंय, नळाला पाणी आहे. माणूस नाही.

११ एप्रिल
सुताराची बायको गेली. त्याला जमीन दाखवायला नेलं. निचरा कसा होतो, झाडं कुठे लावणार – माझं तोंड चालूच. तो मातीकडे बघत राहिला.

"इथं ती एकटी पडेल, ताई. तिला घरातसुद्धा एकटीला झोप लागायची नाही."



१२ एप्रिल
जुन्या आवारातली, आईच्या कबरीशेजारची, स्वतःसाठी राखलेली जागा बाबांनी सुताराला देऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही! फादर म्हणाले, केवढं मोठं मन. आणि माझं काम? घरच्याच माणसाने सुरुंग लावला. आता लोक म्हणणार, बघा, हिच्या बापालाच पटलेलं नाही.

"मग तुम्ही कुठे जाणार?" मी तोडून विचारलं.

"तुझ्याकडे आहे की मोकळी जमीन."

चेष्टा सुचतेय यांना.

१५ एप्रिल
अबोला. ताट वाढते, उठून जाते. घरात दोनच माणसं, आणि त्यांचं हे असं.

१८ एप्रिल
बाबा नव्या जमिनीवर सापडले. फाटकाला धरून उभे, धाप लागलेली. डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत. गेला महिनाभर बाबांना ठाऊक होतं, मला आज कळलं.

"मला फाटकाजवळची जागा दे," म्हणाले. "मागून येणारे दिसतील."