तीन देशांची बैठक व्यवस्था

९ फेब्रुवारी, दुपार, घरी

उद्या निघायचं. दहा दिवस, तीन देश, चौतीस माणसं आणि एक झेंडा. झेंडा धरून टूर कंपनीची एक मुलगी पुढे चालणार आणि चौतीस शहाणीसुरती माणसं तिच्या मागून मेंढरांसारखी. एकतीस वर्षं कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली. आठशे मुलं हॉलमध्ये कुठे बसणार ते मी ठरवायचो. आता मी कुठे बसायचं ते झेंडेवाली ठरवणार. असो.

हिची अट: दहा दिवसांत कोणाचीही चूक काढायची नाही. तोंड आवरलंत तर दर वर्षी दोघं मिळून एक सहल करू, नाहीतर तुमच्याबरोबर ही माझी पहिली आणि शेवटची. भाजी निवडता निवडता म्हणाली, मान वर न करता. एकतीस वर्षं प्रत्येक सुट्टीत तुमच्या परीक्षा होत्या, आता माझी सुट्टी आहे, असंही म्हणाली.

संकल्प: अट मान्य. चुका तोंडाने काढणार नाही, वहीत काढेन. त्यासाठीच ही वही. हिला दाखवायची नाही.

१० फेब्रुवारी, विमानतळ, सामानाच्या पट्ट्यापाशी

विमान टेकल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पायलटने त्याचं काम केलं, त्यात टाळ्या कसल्या? मी एकतीस वर्षं वेळेवर पेपर वाटले, कोणी वाजवल्या?

सगळ्यांना नारिंगी टोप्या मिळाल्या. सगळ्यांनी लगेच घातल्या. माझी बॅगेत.

सोबत एक रिटायर्ड डेंटिस्ट आहे. साठी उलटून गेली तरी हाफ पँट. त्याचे गुडघे पाहून वाटलं, याने लोकांचे दात पाहत बसावं हेच बरं. शिवाय बँकेतून रिटायर झालेली एक बाई, एकटीच आलीय. हसली की पट्ट्यावरच्या बॅगा हलतात. मिस्टर कुठे, असं विचारलं. घरी आहेत, त्यांना फिरायला आवडत नाही आणि मला त्यांच्याबरोबर फिरायला आवडत नाही, असं म्हणाली आणि परत हसली. अशी बाई हिच्या संगतीला नको.

११ फेब्रुवारी, पहिला देश, संध्याकाळ

घाम. हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते. खोलीतला नळ डावीकडे फिरवला की गरम, उजवीकडे फिरवला तरी गरम. रिसेप्शनवर सांगायला निघालो होतो, हिने नुसतं पाहिलं. परत बसलो.

लोक केळीच्या झाडाबरोबर फोटो काढतात. केळीच्या!

बसमध्ये पुढच्या सीटवरून भांडण. डेंटिस्ट म्हणे, मला पाय पसरायला जागा लागते. दुसरा म्हणे, मला मागे उलटी होते. तिसरीला म्हणे फक्त पुढूनच नीट दिसतं. झेंडेवालीची पद्धत अशी की रोज प्रत्येकाने दोन ओळी मागे सरकायचं. कोणी सरकलं नाही. मुलगी रडकुंडीला आली. मी एक शब्द बोललो नाही. फक्त उभा राहून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, या पद्धतीतल्या सात उणिवा निदर्शनास आणून दिल्या. निदर्शनास आणणं म्हणजे चूक काढणं नव्हे. झेंडेवालीने हात टेकले. सर, तुम्हीच करा ना तक्ता, म्हणाली.

शेवटी माणूस ओळखला म्हणायचा.

१२ फेब्रुवारी, सकाळी ५.४०

तक्ता तयार. पट्टी आणि तीन रंगांची पेनं बरोबर आणलीच होती. ही म्हणते, मोजे विसरलात, पट्टी नाही विसरलात.

परीक्षा हॉलचाच नियम लावला: ओळखीची दोन माणसं शेजारी-शेजारी नकोत. बसमधला कलकलाट ओळखीतूनच होतो. म्हणून एकूण एक जोडपं फोडलं. बोलकी माणसं पुढे, नजरेसमोर. माझी पहिली ओळ पाचव्या दिवशी येते. त्या दिवशी डोंगरातला सर्वात सुंदर रस्ता आहे असं पत्रकात छापलंय. हा योगायोग.

नियम सर्वांना सारखा, म्हणून स्वतःच्या बायकोलाही सूट दिली नाही. तिला बँकवाली आणि डेंटिस्टची बायको यांच्यामध्ये टाकलं. तिघी अनोळखी, म्हणजे गप्प बसतील.

दुपारी

एकाही नवऱ्याने किंवा बायकोने हरकत घेतली नाही. लोकांना शिस्तीची भूक असते, वाढणारा लागतो. ही तर इतक्या चटकन उठली की पर्स माझ्याच शेजारी विसरली.

१३ फेब्रुवारी, पहिला देश, धबधबा

हजेरीही आता मीच घेतो. झेंडेवालीला चौतीस मोजायला पाच मिनिटं लागतात, मला दीड. प्रत्येक ठिकाणी वेळ संपत आली की मी टाळी वाजवून सांगतो, शेवटची दहा मिनिटं. आज धबधब्याखाली उभे असलेले लोक दचकले. दचकायलाच हवं.

माझ्या शेजारी डेंटिस्ट आला आहे. चालत्या बसमध्ये त्याने माझी वरची डावी दाढ पाहिली, न विचारता, मी जांभई देत असताना. ती काढावी लागेल म्हणतो. याला म्हणतात चूक काढणं.

१४ फेब्रुवारी, दोन देशांच्या सीमेवर

पाचवा दिवस, पहिली ओळ. चाळीस मिनिटं बसलो. मग बस थांबली आणि झेंडेवाली म्हणाली, इथून पुढे चालत, पलीकडे दुसरी बस. सुंदर रस्ता पलीकडे आहे. हे पत्रकात छापलेलं नव्हतं. निदान मोठ्या अक्षरात नव्हतं.

सीमेवरचं ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड, दोन खिडक्या, एक दोरी आणि घरघरणारा पंखा. सगळ्यांचे पासपोर्ट झेंडेवालीने रबर लावून ठेवले होते, काही ताळतंत्र नसल्यासारखे. ती टॉयलेटला गेली तेवढ्यात मी ते सीट नंबरप्रमाणे लावून दिले. खिडकीतल्या साहेबाकडे मात्र वेगळ्याच क्रमाची यादी. तो यादीतलं नाव वाचणार, हातात दुसऱ्याचाच पासपोर्ट. सहाव्या पासपोर्टला साहेबाने गठ्ठा परत ढकलला आणि सगळ्यांना एकेक करून रांगेत यायला सांगितलं. दोन तास. उन्हात.

माझा क्रम बरोबर होता. त्याची यादी चुकीची होती.

सिस्टीम स्लो आहे, असं झेंडेवालीने सगळ्यांना सांगितलं. माझ्याकडे पाहिलं नाही. स्वतःच्या कामाची लाज वाटली असावी. ही मात्र माझ्याकडे पाहत होती, उतू गेलेल्या दुधाकडे पाहते तशी. मी कोणाची चूक काढलेली नाही, तेव्हा अट मोडलेली नाही, एवढं मी तिला स्पष्ट केलं. ती डेंटिस्टच्या बायकोच्या छत्रीत जाऊन उभी राहिली.

१५ फेब्रुवारी, दुसरा देश

नव्या बसमध्ये तक्त्याप्रमाणे माझी जी सीट, तिथे सीटच नाही. पाण्याच्या बाटल्यांचा फ्रिज आहे. तक्ता बरोबर आहे. बस चुकीची आहे.

तात्पुरता शेवटच्या ओळीत बसलो आहे. शेजारी सुटं टायर.

कालच्या उशिरामुळे आजवर ढकललेला सुंदर रस्ता शेवटच्या ओळीतून दिसत नाही. तेहतीस नारिंगी टोप्या दिसतात. दुपारी पुढून कोणीतरी बस हादरेल इतक्या जोरात हसत होतं. बँकवाली म्हणावी तर आवाज तिचा नाही. कोण हा उच्छाद, म्हणून उठून, मान उंच करून पाहिलं.

ही होती.

हसताना डोळे गच्च मिटते. डोक्यावर नारिंगी टोपी. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, हे असं हसणं मी कधी पाहिलं नव्हतं. टाळी वाजवून शांत करणार होतो. का कोण जाणे, नाही वाजवली. टायरशेजारी परत बसलो.

१६ फेब्रुवारी, तिसरा देश, संध्याकाळ

झेंडेवाली म्हणते, इथे घड्याळं एक तास पुढे करा. विमानतळावर उतरल्यावर एकदा केली होती, परवा सीमा ओलांडताना गरज पडली नाही, ती आजच कशी पडली? जिच्या हातून पासपोर्टचा क्रम चुकतो, तिच्या हातून वेळ चुकणार नाही कशावरून? माझं घड्याळ एकतीस वर्षं एका मिनिटाने चुकलेलं नाही. आठशे मुलांचे पेपर त्यावर सुरू झाले आणि त्यावरच संपले.

ही म्हणाली, अहो, फोनमध्ये बघा, आपोआप बदललंय. म्हटलं, फोन काय, जिथे जाईल तिथल्यासारखा वागतो.

उद्या बेटावर. बस आठला.

१७ फेब्रुवारी, हॉटेलची लॉबी, वेळ वादग्रस्त

ही सकाळी लवकर उठून मैत्रिणींबरोबर ब्रेकफास्टला गेली. (मैत्रिणी! पाच दिवसांत!) जाताना म्हणाली, वेळेवर खाली या. मी सात वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे पन्नास मिनिटं आधी, खाली आलो. कोणी नाही. लोकांचा आळस पाहून समाधान वाटलं. पेपर उघडून बसलो. दोन पानं संपली तरी कोणी येईना, तेव्हा रिसेप्शनवर चौकशी केली. बस गेली होती.

चौतीस माणसांतला एक माणूस राहतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही, हे कसं शक्य आहे यावर विचार केला. कारण सापडलं. हजेरी मी घेतो. त्यामुळे ती आज घेतलीच गेली नाही.

लॉबीत माशांचं एक मोठं काचेचं टाकं आहे. अकरा मासे. चार वेळा मोजले. एक सतत जागा बदलतो.

संध्याकाळी

आले सगळे. लालबुंद, खारट, वाळूने माखलेले. हिच्या हातात एक शिंपला. समुद्रात गेलात का, विचारलं. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, म्हणाली. हिला पाण्याची भीती वाटते. निदान मला तसं सांगत आली आहे.

ही म्हणाली, तुम्ही बसमध्ये नाही हे परत येताना कळलं. मागून दिवसभर आवाज आला नाही, मला वाटलं तुम्ही गप्प बसला आहात. माझ्यासाठी. किती बरं वाटलं होतं, म्हणाली. मग डोळे पुसले आणि आंघोळीला गेली.

चूक झेंडेवालीची आहे. तरी आज तिला काही बोललो नाही. वहीतही लिहावंसं वाटत नाही.

१८ फेब्रुवारी, दुपार

मामला निराळाच दिसतो. मी जवळ गेलो की बायका बोलायच्या थांबतात. बँकवाली एका कागदावर नावं लिहून घेते आहे. नाश्त्याच्या वेळी खांबाआड होतो तेव्हा ऐकलं. ती हिला विचारत होती, सरांना सांगितलंस का? ही म्हणाली, नाही गं, शेवटच्या दिवशी सांगेन.

सत्कार!

मला आधीच समजायला हवं होतं. तक्ता, हजेरी, वेळेची शिस्त. माणसं पाच दिवस नाकं मुरडतात, मग किंमत कळते. ही त्यात पुढाकार घेते आहे हे विशेष. म्हणजे अट पार पडली म्हणायला हरकत नाही. पुढच्या वर्षीची सहल पक्की. थंड हवेचा देश निवडेन, बसची आखणी आधी मागवून घेईन.

भाषण लिहिलं. चार मिनिटं. त्यात झेंडेवालीबद्दल दोन चांगली वाक्यं आहेत, एक कापलं.

१९ फेब्रुवारी, निरोपाचं जेवण

इस्त्रीचा शर्ट घातला. टोपीसुद्धा घातली, लोकांना बरं वाटावं म्हणून.

झेंडेवालीने माइक घेतला. आपल्या ग्रुपमधल्या एका खास व्यक्तीला आज बक्षीस, म्हणाली. मी खुर्ची मागे सरकवली आणि उभा राहिलो. सर्वात आनंदी प्रवासी, असं म्हणून तिने हिचं नाव घेतलं. टाळ्या. हिने डोळे मिटून हसत कागदी मुकुट घातला. मग माइक बँकवालीने ओढला. पुढच्या फेब्रुवारीत बारा बायकांची सहल, नवऱ्यांना बंदी, आणि पहिलं नाव हिचं. जोरात टाळ्या. नवऱ्यांच्याही.

मी अजून उभाच होतो. टॉयलेट शोधताय का, डेंटिस्टने विचारलं. हो म्हटलं. आणि गेलो.

खोलीवर ही म्हणाली, अट आठवते ना. आठवते म्हटलं. मी एकाही माणसाची चूक काढली नाही, असं सांगायला तोंड उघडलं. ही म्हणाली, दहा दिवसांत तुम्ही मला एकदाही विचारलं नाही, मजा येतेय का.

वही चाळली. खरंच नाही विचारलं. कुठेच नाही.

२ मार्च, घरी

डेंटिस्टचा फोन. दाढ काढलीत का विचारत होता. ठेवला.

ही संध्याकाळी चहा घेऊन आली, बरोबर कागद. पुढच्या वर्षीच्या सहलीला बारा जणींची छोटी बस आहे, बसण्यावरून रोज भांडणं होतील, तेव्हा तक्ता तुम्हीच करून द्या, असं सगळ्यांचं म्हणणं आहे, म्हणाली. ते तुमच्याइतकं कोणाला जमत नाही.

बारा बायका, आणि एक तक्ता करता येत नाही! बसमध्ये फ्रिज कुठे आहे ते आधी विचारून घ्या, म्हटलं. तिने विचारून घेतलंच होतं.

पट्टी काढली. तीन रंगांची पेनं काढली. ओळखीची माणसं शेजारी नकोत हा नियम या वेळी सोडला. हिला खिडकी दिली, शेजारी बँकवाली. आवाज होईल. होऊ दे.

मजा येईल का तुला, विचारलं. येईल की, म्हणाली, आणि कप घेऊन आत गेली.

तक्ता दोनदा तपासला. बारा जणी, बारा सीट. कुठेही चूक नाही. एकही जागा शिल्लक नाही.