एकही काच न फुटता

४ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

परवा तुम्ही आमच्या कॉलेजात टेम्पोतून उतरलात तेव्हा मला इतका आनंद झाला, की एप्रनसकट धावत आले. तुम्ही मात्र ओळखही दाखवली नाहीत. आईला सांगितलं तर म्हणाली, तो कामावर असला की सख्ख्या बहिणीलाही ओळखत नाही.

खोक्यांतून तुम्ही वीस मायक्रोस्कोप काढून टेबलांवर मांडलेत. सरांनी प्रत्येकामागे आमच्यातल्या एकेकाला उभं केलं. तपासणी समितीचे साहेब आले, माना डोलावल्या, फोटो काढला आणि चहाला गेले. त्यांची पाठ वळताच तुम्ही खोकी भरायला घेतलीत. मी डोळा लावायला वाकले तर तुम्ही हात आडवा धरलात.

मामा, मी दुसऱ्या वर्षाला आले तरी भिंगातून अजून काहीच पाहिलेलं नाही. रक्तातल्या पेशी फळ्यावरच्या चित्रावरून शिकते आहे. मला पुढे रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करायचंय हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी तासभर आधी याल का? एक तास पुरे. मामींना नमस्कार.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
खारूताई


११ ऑगस्ट

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नाकावरचा राग पाकिटातूनही दिसला.

तुला म्हणून सांगतो, आईजवळ बोलू नकोस. आपल्या भागात सरकारची पाच कॉलेजं, पाचही चार वर्षांच्या पदवीची, आणि मायक्रोस्कोप वीसच, तेही आमच्या कॉलेजचे. समिती ज्या दिवशी जिथे, त्या दिवशी ते तिथे. हुकूम तोंडी असतो. काच फुटली तर मात्र कागदावर नाव माझंच, लॅबच्या शिपायाचं, येईल. म्हणून एरवी ते आमच्या कपाटात कुलूपबंद असतात, आमच्या मुलांनाही मिळत नाहीत.

आणि मी काही पाप करत नाही. समितीने तुझं कॉलेज नापास केलं तर ते बंद होईल. मग तुझी आई तुला कुठे धाडणार? तासभर आधी येणं जमणार नाही, मी आदल्या कॉलेजातून थेट येतो. चौथ्या वर्षी प्रॅक्टिकल असेलच, तेव्हा बघ पोटभर. पुढच्या वेळी एप्रनला इस्त्री कर, फोटोत चुरगळलेला येतो. लोभ असावा.

तुझ्या रागाला भिणारा,
मामा


२० जुलै
(आधीच्या पत्राला तीन वर्षं होतील)

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पहिल्या वर्गात पास झाल्याचं आईने कळवलंच असेल. चौथ्या वर्षाच्या प्रॅक्टिकललाही आमच्याकडून आकृत्याच काढून घेतल्या. माझ्या सुबक होत्या.

परवा रुग्णालयात निवडीसाठी गेले. तिथल्या लॅबच्या बाईंनी मायक्रोस्कोप पुढे ठेवला आणि स्लाइड लावायला सांगितली. मी सगळ्या भागांची नावं घडाघडा म्हटली. मग डोळा लावला. नुसतं धुकं. बाजूचा मोठा स्क्रू फिरवला, आणखी फिरवला, भिंग खाली आलं आणि स्लाइडची काच फुटली. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. चार वर्षं काय केलंत, एवढंच त्यांनी विचारलं. उभी राहिले, असं मी सांगितलं.

मला तिथेच खिडकीवर घेतलंय. नंबर पुकारायचे आणि रिपोर्टची पाकिटं द्यायची. आईला वाटतं मी लॅबमध्ये लागले.

तुमच्या सत्काराची बातमी कळली. इतकी वर्षं ने-आण करून एकही काच फुटली नाही, असं प्राचार्य म्हणाले म्हणे. फुटली, मामा. माझ्या हातून फुटली.

धाकटीला त्याच कॉलेजात प्रवेश मिळालाय. घरून जाण्यासारखं दुसरं आहे कुठे?

तुमची भाची


३० जुलै

चि. भाचीस,
आशीर्वाद.

खारूताई लिहायला हात धजला नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सत्काराचं प्रमाणपत्र भिंतीवरून काढून ट्रंकेत टाकलं. त्याने तुझं काय भलं होणार म्हणा. काल धीर करून आमच्या प्राचार्यांकडे गेलो. चार मायक्रोस्कोप तरी धाकटीच्या कॉलेजात कायमचे ठेवावेत, असं म्हटलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, आता हे कशाला, असं विचारलं. मी बरं म्हणून बाहेर आलो. इतका गोडीने गप्प झालो, याची मला लाज वाटते.

नऊ तारखेला तुमच्या कॉलेजची पाळी आहे. धाकटी नवा एप्रन घालून उभी असेल.

या ओळीच्या वर जे खोडलेलं दिसतंय, तिथे मी लिहिलं होतं की तिला बघू देईन. मग आठवलं, त्याच दुपारी दोनला पुढच्या कॉलेजात पोचायचंय. भुसा आणून ठेवलाय, खोकी आजपासून भरायला घेतली.

दर पत्रात लोभ मागायचो. आता मागत नाही.

मामा