साठ कार्डं आणि एक केस

२ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
झेरॉक्स मशीन गरम होतंय, तोवर ही नोंद. काल शाळेत बाईंनी बोलावलं होतं. आमची कन्या सहा वर्षांची झाली तरी वाचत नाही. अक्षरं सुटी ओळखते, जोडायला गेली की गाडी अडते. ८ मार्चला बाई तिच्याकडून चार ओळी वाचून घेणार. नाही जमलं तर परत त्याच वर्गात, आणि तिची मैत्रीण पुढच्या. पोरगी घरापर्यंत रस्ताभर रडली.
बाईंचा उपाय : आधी आवाजांचे खेळ खेळा. बोलता बोलता शब्द तोडायचे, जोडायचे, कानाला सवय लावायची. मी मान डोलावली. माणूस वाचतो डोळ्यांनी की कानांनी? पण वाद कोण घालणार!
संकल्प : महिन्याभरात कन्या पेपर वाचेल. अग्रलेखासकट.

३ फेब्रुवारी
योजना तयार. साठ शब्द, साठ कार्डं. रोज शाळेआधी अर्धा तास. दुकानातच लॅमिनेट केली. रोलर जुना झालाय, काही कार्डांत बुडबुडे राहिले. चालायचंच.

४ फेब्रुवारी
उठायला उशीर. उद्यापासून.

५ फेब्रुवारी
कुणाचा तरी चारशे पानी प्रबंध आला, तोही तीन प्रतींत. उद्यापासून नक्की.

९ फेब्रुवारी
सुरुवात झाली! अकरा कार्डं. कन्या जांभया देत होती. बायको म्हणाली, तूही देतोयस.
शाळा सुटल्यावर कन्या खालच्या मजल्यावर ताईकडे असते. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, शिवणकाम करते. आज डोकावलो तर अभ्यासाच्या नावाने शंख. ताई ब्लाउज शिवता शिवता विचारतेय, ‘कपाट’मधला ‘क’ पळाला तर काय उरलं? ही ओरडतेय, ‘पाट!’ मग एकेका आवाजाला एकेक बटण मांडायचं. मग कापडाच्या चिंधीवर शिंप्याच्या खडूने तीच अक्षरं काढायची. म्हटलं, ताई, टाइमपास पुरे, महिना राहिलाय. ताई म्हणाली, तू तुझं बघ रे शहाण्या, आणि जाताना ती कात्री दे इकडे.

१६ फेब्रुवारी
कमाल! साठपैकी चाळीस. कार्ड धड समोर धरायच्या आत सांगते. बायकोला म्हटलं, हुशारी रक्तातच असावी लागते. तिने विचारलं, कुणाच्या? दुकान उघडायची वेळ झाली होती.

१८ फेब्रुवारी
दुकानाबाहेर बोर्ड लावला : ‘तीस दिवसांत वाचन! खात्रीशीर कार्डं मिळतील.’ दुपारपर्यंत दोन चौकशा. एकाला पासपोर्ट फोटो हवे होते. दुसऱ्याला टॉयलेट कुठंय ते.

२३ फेब्रुवारी
साठपैकी साठ! शेजारच्या औषधवाल्याला मुद्दाम बोलावून दाखवलं. त्याला आगाऊपणा सुचला. बिलाच्या पाठीमागे ‘विमान’ लिहून तिच्यापुढे धरलं. कन्या म्हणाली, हे आमच्यातलं नाही. साहजिक आहे. जन्मभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून त्याचं अक्षर बिघडलंय.

२६ फेब्रुवारी, सायंकाळी ६
विक्रीसाठी नवा संच केला. रोलर बदलला. एक बुडबुडा नाही, काचेसारखी कार्डं. कन्येवर चाचणी घेतली. साठपैकी तीन.
आधी वाटलं, ताप आहे. कपाळ गार होतं. मग तिनेच जुनी कार्डं काढून मला शांतपणे समजावलं. लांबट बुडबुडा म्हणजे विमान. कोपरा जळलाय तो मासा. आणि आत केस अडकलाय ते घड्याळ. तुझाच केस आहे बाबा, असंही म्हणाली.
मी ओरडलो. फार ओरडलो. कन्या रडत खाली ताईकडे गेली.
इथे कुणी वाचणार नाही म्हणून स्पष्ट लिहितो. पोरगी ढ आहे. आईवर गेली.

१ मार्च
बोर्ड काढला. औषधवाल्याने कारण विचारलं. सांगितलं, मागणी झेपत नव्हती.

४ मार्च
नवा विचार : बाई त्या चार ओळींच्या झेरॉक्स काढायला येतीलच. ओळी आधी कळल्या तर पाठ करून घेता येतील. यात गैर काही नाही, ही पूर्वतयारी.

५ मार्च
बाई पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या.

७ मार्च, जेवणानंतर
घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. सविस्तर लिहिणं भाग आहे.
ताई आज जेवायला होती. ताटं मांडत होतो, तेवढ्यात कन्या ही वही घेऊन आली. २६ तारखेचं पान उघडून, बोट ठेवून, ताईच्या बटणांसारखी एकेका आवाजाला टेबलावर टकटक करत सुरू झाली. पो. र. गी. पोरगी. ढ. आ. हे. आहे. यातला एकही शब्द माझ्या कार्डांवर नव्हता. मी आनंदाने उठलोच, आणि मग डोक्यात उजेड पडला. तिने विचारलं, बाबा, ही कोण रे? मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाची मुलगी. तिला ते पटलं असतं. पण तोवर ती पुढच्या वाक्यावर पोचली होती. आ. ई. वर. गे. ली.
बायकोने माझं वाढलेलं ताट उचलून ताईपुढे ठेवलं. कन्येला मात्र समजलं होतं. म्हणाली, गिऱ्हाइकाची नाही, मीच आहे. आणि जेवलीच नाही.

८ मार्च, दुपारी २
चारही ओळी वाचल्या. सावकाश, पण स्वतःचं स्वतः. पुढच्या वर्गात बसणार. मैत्रिणीने तिला वर्गभर फिरवलं. बाईंनी विचारलं, कुणी शिकवलं गं? म्हणाली, आत्याने. आणि बाबांनी काय केलं? म्हणाली, बाबांनी वही लिहिली. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, वा, पालकांनी नोंदी ठेवाव्यातच. मी मान डोलावली.
घरी आल्यावर लाज वाटत होती. तोंडाने सांगायचा धीर होईना, म्हणून याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वही तिच्यापुढे सरकवली :
बाबा ढ आहे.
तिने टकटक न करता, एका दमात वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग आई आणि आत्याला बोलवायला गेली.