सासूबाईंनी जिंकलेली सभा

नांदूरघाट, मंगळवार संध्याकाळ

उद्या टोळी ऊसतोडीला जाणार, ती उन्हाळ्यातच परतणार. म्हणून गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आजच ठेवली. तासभर माईकवर कडाडले; एकही बाई उठली नाही. सभा गाजवणारी म्हणे मी! मग माझ्या सासूबाई पदर खोचून उठल्या. सकाळी असाच पदर खोचून माझ्याशी भांडल्या होत्या, "दुखत न्हाई, खुपत न्हाई, तपासायचं कावून?" तपासून घेऊन बाहेर आल्या आणि बायांवर ओरडल्या, "बाळंत होताना लाजला न्हाईत, आता कावून लाजता गं? उठा!"

रांग लागली. टोळीतल्या साऱ्या बायांची तपासणी आजच झाली; आता उद्या निश्चिंत निघतील. भाषण माझं, पण सभा सासूबाईंनी जिंकली. काय अभिमान वाटतोय! आत्ता त्या भाकरी थापताहेत. पदर अजून खोचलेलाच.