आलाबला

२६ जून २०२०, शुक्रवार

आज पुन्हा भांडण! आणि तेही दारातच, ह्यांच्या एका पायात बूट आणि एक पाय मोकळा असताना.

कंपनी पुन्हा सुरू झाल्यापासून घरातले नियम मी ठरवलेत. हे वाळूजहून आले की बूट फाटकाजवळ, मोबाइल-घड्याळ-पट्टा पुसून खिडकीत, कपडे थेट साबणाच्या बादलीत, मागच्या मोरीत अंघोळ, आणि मग घर. हे ऐकतात बिचारे. ऐकत नाहीत त्या आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे ह्यांच्या आई. मार्चमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सोयगावहून आल्या आणि इथंच अडकल्या. दम्याचं दुखणं, उशाशी कायम पंप. पण लेक कामाला निघाला की त्याची आलाबला घेतल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. दोन्ही तळवे त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवायचे, मग तीच बोटं स्वतःच्या कानशिलांवर दाबून कडाकड मोडायची. त्याची इडापिडा आपल्यावर घ्यायची! जितकी बोटं वाजली तितकी नजर लागलेली. ह्यांच्या वेळी दहाच्या दहा वाजतात. माझी कधी घेतली नाही बरं का. सुनेला कोणाची नजर लागणार!

सगळी दुनिया ओरडून सांगतेय, तोंडाला हात लावू नका. आणि ह्या आधी लेकाच्या तोंडाला लावणार, मग स्वतःच्या. मी म्हटलं, आजपासून हे बंद.

"बद्रीची जलमल्यापून घेती मी," त्या म्हणाल्या. "आजार आला म्हून सोडू? आजार आल्यावरच तर घ्यायची असती."

मग त्यांचे हात धरून सॅनिटायझर ओतलं. हे तेवढ्यात दुसरा बूट चढवून पसार. दोघींच्या मध्ये पडायचं नाही, हा ह्यांचा एकुलता एक नियम.

२८ जून

कोथिंबीर साबणाच्या पाण्यात धुतली. वरणाला फेस आला. हे नुसतं पाणी पीत राहिले.

१ जुलै, बुधवार

तडजोड झाली. समजूतदारपणानं नाही, दोघी दमलो म्हणून झाली. आत्याबाईंनी उंबऱ्याच्या आत उभं राहायचं, ह्यांनी फाटकापाशी, आणि आलाबला हवेतून घ्यायची. आज घेतली तशी. दूधवाला सायकल थांबवून बघत राहिला. बोट मात्र एकही वाजलं नाही. "दुरून घेतलेली लागू व्हत नाय," म्हणाल्या.

त्यांचं ताट-वाटी-पेला वेगळं केलं, खाट खिडकीशी सरकवली. वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. तर म्हणाल्या, "आमी म्हयन्याच्या म्हयन्याला कोपऱ्यात बसलेल्या बाया. शिवायचं नाय म्हंजी काय, ते तू नको शिकवू मला." आणि खरोखर, ह्यात त्या माझ्यापेक्षा पक्क्या निघाल्या. पाणी वरून पितात, माझा पदर लागला तरी आवरून घेतात. ह्यांचं तोंड दिसलं की तेवढं सगळं विसरतात.

सोयगावला नेऊन सोडा, असंही सुरू आहे. पास मिळत नाही म्हणून सांगते. खरं म्हणजे मी अर्जच केलेला नाही. तिथं रात्री-अपरात्री धाप लागली तर कोण बघणार आहे?

८ जुलै, बुधवार

ह्यांच्या शेजारच्या मशीनवरचा मुंजाबा पॉझिटिव्ह. शेजारी उभं राहून काम, वर एकाच डब्यातलं लोणचं! हे अंघोळीला बसले होते, फोन मीच घेतला.

ह्यांना तसंच गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पाठवलं. वर मोरी आहे, संडास आहे, चालेल. मुकाट्यानं गादी खांद्यावर टाकून गेले. जाताना एकदा आईकडं बघितलं.

आत्याबाईंना सगळं सांगितलं. नुसत्या जिन्याकडं बघत बसल्या. ते बघणं मला चांगलं माहीत आहे. दुपारी भांडी घासताना मागं वळले तर बाई कठडा धरून जिन्यात, धाप लागलेली! पंप द्यावा लागला. म्हणे, "निस्तं बघून येती."

जिन्याच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

सोयगावात कळलं तर जन्मभर ऐकवतील, आशानं माय-लेकात कुलूप घातलं म्हणून. ऐकवू देत. उद्या ह्या बाईला काही झालं तर तीच माणसं म्हणतील, सुनेनं लक्ष दिलं नाही. पण माणसांचं जाऊ दे. त्यांना धाप लागली की माझी छाती आवळते, हे खरं आहे. मला त्या घालवायच्या नाहीत. भांडायला का होईना, त्या हव्यात.

९ जुलै, गुरुवार

उद्यापासून नऊ दिवस सगळं शहर कडकडीत बंद. म्हणून आजच जाऊन आले. छावणीच्या बाजारात ही गर्दी! जणू उद्यापासून जेवणच बंद होणार आहे. मी दोन मास्क, हातमोजे, डोक्याला ओढणी, अशी जय्यत तयारी करून गेलेली. भाजीवाला निबर गवार माथी मारत होता आणि मास्कातून माझा आवाजच फुटेना. तो मुद्दाम "क्या बोले? क्या बोले?" करत राहिला. शेवटी मास्क खाली ओढला आणि चांगलं खडसावलं. मागच्या बायांनीही आपापले मास्क खाली करून माझी बाजू घेतली. कोवळी गवार काढून दिलीच त्यानं!

आत्याबाईंचे पंप मिळाले. सुटं फिनेल घेतलं मोठा कॅन भरून. घरी येऊन भाजी मिठाच्या पाण्यात आणि मी कडकडीत पाण्यात.

११ जुलै

रस्त्यावर चिटपाखरू नाही. फक्त पोलिसांची गाडी.

ह्यांना ताप नाही, खोकला नाही. तरी वरून नुसती खाट करकरली तरी माझा जीव उडतो. ताट ठेवते, दार वाजवते, खाली येऊन कुलूप लावते, हात धुते. आत्याबाई दाराला तोंड लावून विचारतात, जेवला का, निजला का, खोकला तर नाय ना. वरून उत्तर येतं, "व्हय माय." तेवढ्यावर त्यांचा दिवस निघतो. माझ्याशी बोलणं बंद आहे.

१३ जुलै

अंग ठणकतंय. दिवसातून तीनदा फरशी पुसल्यावर ठणकणारच.

१४ जुलै, मंगळवार

फिनेलवाल्यानं फसवलं! कॅनमध्ये नुसतं पांढरं पाणी. झाकण उघडून नाकाशी धरलं तर वास म्हणून नाही. तरीच स्वस्त दिलं मेल्यानं. मी समजत होते घर निर्जंतुक होतंय, आणि पुसत होते पाण्यानं! आता दुप्पट टाकते बादलीत.

आत्याबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या. "आशे, किती वतती? डोळे झोंबायलेत." मी म्हटलं, पाण्यानं कधी डोळे झोंबतात का. माझं काही चुकलेलंच दाखवायचं आहे त्यांना. दुपारी तिप्पट टाकलं.

१५ जुलै, बुधवार

सकाळी जिना पुसत होते. वरून ह्यांनी आवाज दिला, "अगं, फिनेल कमी टाक. वर डोकं चढलंय वासानं."

मी पोछा हातात धरून तशीच उभी राहिले.

गच्चीवर येतो वास. मला बादलीशेजारी येत नाही.

मग स्वयंपाकघरात गेले. लसूण ठेचून हुंगला. नाही. हिंगाची डबी उघडली. नाही. कापूर पेटवून नाकाशी नेला, नाकाला ऊब लागली, पण वास नाही. आत्याबाई खाटेवरून बघत होत्या. त्यांना कळलं की नाही कोण जाणे. पण इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलल्या, "काय व्हायलंय तुला?"

तोंडावर पदर दाबून मागच्या मोरीत जाऊन बसले. ह्यांना तिथूनच फोन केला. बाजार. ती गवार! मी कुलूप घालत बसले जिन्याच्या दाराला, आणि ज्याला कोंडायचं ते खाली हिंडत होतं, भाकरी थापत होतं, आत्याबाईंना हातानं पंप देत होतं.

मला फार भीती वाटते. माझी नाही.

१६ जुलै, गुरुवार, कोविड सेंटर

सकाळी तपासणीची गाडी गल्लीत आली. पॉझिटिव्ह. दुपारी ताप चढला, तोवर न्यायला आले. किल्ली मंगळसूत्रातून काढून जिन्याचं कुलूप उघडलं, किल्ली खिडकीत ठेवली, ह्यांना सांगितलं, हात धुऊन उचला. कपड्यांची पिशवी भरली, ही वही टाकली.

सगळी गल्ली खिडक्यांत. मी मान खाली घालून फाटकापर्यंत गेले. पांढऱ्या सुटातल्या माणसानं गाडीचं दार उघडलं. मागून आत्याबाई आल्या. अनवाणी. मी ओरडले, लांब व्हा. तो माणूसही ओरडला. हे गच्चीवरून ओरडले. त्या कोणाचंच ऐकत नव्हत्या. मी मागं सरत सरत गाडीला टेकले, आणखी मागं जागाच उरली नाही.

माझा मास्क वर असतानाच दोन्ही तळवे माझ्या कपाळावरून, डोळ्यांवरून, गालांवरून फिरवले. खरखरीत हात. मग कानशिलांवर बोटं मोडली.

सगळीच्या सगळी वाजली.

"बघ, किती भरलेलं व्हतं," म्हणाल्या. "हलकी झाली का?"

मी म्हटलं, हात धुवा आधी, साबणानं, कोपरापर्यंत. चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझी आलाबला घेतली, आणि माझ्या तोंडून हेच निघालं.

गाडीत रडले. मास्क पुरता भिजला.

१८ जुलै

घरी दोघांच्याही तपासण्या निगेटिव्ह! वॉर्डातल्या बायांना साखर वाटली, चहाची. कोणालाच तिचा वास नाही, चव नाही. तरी सगळ्यांनी खाल्ली.

फोनवर आत्याबाईंनी मला विचारलं, हलकं वाटतं का. म्हटलं, व्हय. खरंच ताप उतरलाय.

२० जुलै, सोमवार

हे म्हणाले, काही नाही, मायला जरा कणकण आहे. मी विचारलं, पंप किती वेळा दिला. हे म्हणाले, तू जेवलीस का.

कुठून लागलं असेल? भाकरी माझ्याच हातची होती. पंप माझ्याच हातचा. एकाच खोलीत निजत होतो. फाटकापाशी जे झालं त्यानंच असं नाही. शंभरदा स्वतःला सांगितलं. पण त्यांना विचारलं तर त्या काय सांगतील, मला माहीत आहे. त्या खूश होऊन सांगतील.

माझा ताप गेला तो गेलाच. आज जेवण आलं, आणि कांद्याचा वास आला. मला ताट समोर ढकलावंसं वाटलं.

२१ जुलै

आत्याबाईंना आणलं. शेजारच्याच खाटेवर आहेत, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. सिस्टर म्हणाली, दोघी पॉझिटिव्ह आहात ना, आता शिवलं तरी चालतं.

उठले. त्यांच्या तोंडावरून, मास्कच्या कडेकडेनं, तळवे फिरवले. माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. त्या डोळे उघडून मोजत होत्या.

एकच वाजलं.

पुन्हा घेतली.