बर्फ आपोआप गळेपर्यंत

बुधवार, १२ मार्च
दुपार

अहो,

नमस्कार. पत्रास कारण आहे, पण ते जरा खाली येईल. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे दूधगाडीवाल्याच्या हाती तुमच्या ताईंकडे पाठवते आहे. पत्र काही सारखं वाजत नाही, तेव्हा वाचाल.

इकडे सगळं ठीक. मामंजींचा खोकला कमी आहे, तोंड मात्र पूर्ववत सुरू आहे. पंपाचा मेकॅनिक आला होता, त्यानंच कुंपणाची तारही ओढून दिली. करडी मांजर व्यायली, तीही तुमच्या स्वेटरवर. रागाच्या भरात स्वेटर विसरून गेलात, त्यात तिची काय चूक? ताईंना सांगा, लोकर पोचली.

खालची बाग छान आहे. काल फांदी न् फांदी पाहिली. जर्दाळूची कळी नखानं उभी चिरली की आत हिरवीगार दिसते.

बघा, खालच्याच बागेचं लिहिलं.

सोमवारी पहाटे दंव गोठत असताना झाडांवर पाणी फवारायचं म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "कुडकुडणाऱ्याला गार पाण्यानं आंघोळ घालतेस?" तरी माझ्या हट्टाखातर पंप सुरू केलात, हे मी विसरलेली नाही. पण हा हट्ट माझा एकटीचा नव्हता, माहेरचा होता. आमचे बाबा बर्फाच्या कारखान्यात. कारखान्याच्या मागच्या भिंतीतून गरम वारा बाहेर यायचा आणि आम्ही पोरं तिथं हात शेकायचो. बाबा सांगायचे, पाणी अंगातली ऊब टाकल्याशिवाय बर्फ होत नाही. ती ऊब बाहेर फेकायलाच एवढं यंत्राचं धूड लागतं. बागेत यंत्र नाही. तिथं ती ऊब कळीला मिळते. नवं पाणी पडून गोठत राहतं, तोवर कळी तगते.

ऊन आलं तसं तुम्ही म्हणालात, "झालं, बंद कर. फांद्या मोडतील बर्फाच्या वजनानं." मी म्हटलं, बर्फ आपोआप गळेपर्यंत नाही. वारा सुटला होता हो! ओल्या अंगानं वाऱ्यात उभं राहिलं की हुडहुडी भरते ना? पाणी गोठताना जेवढी ऊब देतं, त्याच्या कितीतरी पट सुकताना ओढून नेतं. हे तेव्हा शांतपणे सांगायला हवं होतं. मी ओरडले. तुम्ही वरच्या बागेच्या पाण्याचा कॉक बंद केलात आणि मी खालच्या कॉकपुढे ठाण मांडून उभी राहिले. मग मामंजींच्या देखत म्हणाले, "तुमच्या हट्टापायी वडिलांनी लावलेली बाग जाणार आहे." तुम्ही सरळ बस गाठलीत.

जाताना वरची बाग उन्हात नुसती चमकत होती. तीच तुमच्या डोळ्यांपुढे असेल.

अहो, वरची बाग गेली. कळ्या आतून काळ्या पडल्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोलाफुलाला गाठ पडली. माझं खरं झालं याचा मला काडीचाही आनंद नाही. काल तिथंच बांधावर बसून रडले. मामंजी काठी टेकत वर आले, एक कळी फोडून बघितली. मग म्हणाले, "यंदाची फुलं गेली, झाडं नाही गेली. तुम्ही दोघं रडणं आणि रुसणं वाटून घ्या. तोवर झाडांना पाणी मी देतो."

त्यांच्या देखत जे बोलले, ते मागं घेते. कॉकपुढून हलले नाही, त्याबद्दल मात्र माफी मागणार नाही.

शुक्रवारी पहाटे पुन्हा कडाका आहे, असं हवामानवाले सांगताहेत. फवाऱ्यांची तोंडं सुईनं साफ केली, मेकॅनिकनं पंप तपासला. एकानं पंपापाशी थांबायचं आणि दुसऱ्यानं फिरून फवाऱ्यांवरचा बर्फ काठीनं झटकायचा, असं हे दोघांचं काम. मामंजींना ओल्यात उभं करणार नाही. ते खिडकीतून तापमापी बघतील आणि शिव्या घालतील. बाकी दोन्हीकडे मीच. जमेल का, असं मेकॅनिकनं विचारलं. म्हटलं, जमवीन. खालची बाग आता आपली अख्खी बाग आहे, ती मी जाऊ देणार नाही.

या म्हणून हे लिहिलेलं नाही. यावंत, असं वाटतं मात्र फार. आलात तर "सांगितलं होतं ना" हे शब्द माझ्या तोंडून ऐकावे लागणार नाहीत. वरच्या बागेत तुमच्याबरोबर येईन. एकट्यानं बघण्यासारखी नाही ती.

आलात तर दोघांनी, नाही आलात तर एकटीनं, पण शुक्रवारी पंप सुरू करणारच अशी,

तुमचीच